बारावर थांबलेला आकडा

माझ्या धाकट्या लेकीचं, रत्नीचं, लग्न झालं ते दोन हजार सात साल. लग्नाचे पाहुणे पांगल्यावर तिसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा दुपारी तीनला आप्पा सोवनींकडे गेलो, तर माझ्या खुर्चीवर एक खोकं ठेवलेलं होतं.

"बसू नकोस रे तिथं," आप्पा म्हणाले. "शिरीषरावांनी पुण्याहून नवा संगणक आणलाय."

शिरीष म्हणजे त्यांचे जावई. ते टेबलाखाली वायरी जोडत होते. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. अठ्ठावीस वर्षं मी त्या घरात येत होतो, पण उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

आप्पा हळदीच्या एका पेढीवर गोदाम कारकून होते आणि मी हरिपूरला जमिनीतल्या पेवांत उतरून हळद भरायचं काम करायचो. दुपारच्या सुट्टीत ते गोदामात एकटेच पट मांडून बसत. मी बघून बघून शिकलो. पुढे रोज खेळायला लागलो. माझ्या हातांमुळे त्यांच्या पांढऱ्या सोंगट्या कायमच्या पिवळ्या झाल्या. नलूवहिनींनी त्या रिठ्याच्या पाण्यात घालून पाहिल्या, पण रंग गेला नाही. मला अक्षरंही त्याच घरात आली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. वहिनींनी आधी मराठी शिकवली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर इंग्रजी आकडे. उशिरा शिकलेल्या माणसाला एक खोड लागते, तो दिसेल ते वाचत सुटतो. साबणाचा कागद, एसटीतल्या सूचना, औषधाच्या बाटलीवरचं बारीक, सगळं. वहिनी हसायच्या. "भाऊजी, तुमच्यापुढं रद्दी ठेवायची सोय नाही," म्हणायच्या.

जुना संगणक होताच घरात. त्यात बुद्धिबळाचा एक प्रोग्राम होता. पण ते मशीन मला हरवू शकत नव्हतं, निदान दहातले सहा डाव तरी. मी मूळचा देशी पद्धतीचा खेळाडू. त्यात प्यादं एकेक घरच चालतं, घाई नसते. मी सगळी प्यादी एकमेकांत अडकवून पट कोंडून टाकायचो. मशीन मग हत्ती इकडून तिकडे, तिकडून इकडे करत बसायचं आणि मी हळूहळू आत शिरायचो. आप्पा पाहुण्यांना सांगायचे, "आमचा सिद्राम मशीनला कोंडवाड्यात घालतो."

शिरीषराव टेबलाखालून बाहेर आले. "प्रोग्राम तोच आहे, आप्पा. फक्त या प्रोसेसरसाठी बांधलेला."

"मग फरक काय पडणार?"

"सांगतो. पटाची घरं किती?"

"हे मला विचारता?"

"चौसष्ट. जुना प्रोसेसर एका वेळी बत्तीस घरांचा घास घ्यायचा. म्हणजे प्रोग्रामनं अर्धा पट बघायचा, मग उरलेला अर्धा, मग दोन्ही जुळवायचे. प्रत्येक चालीला हेच. हा नवा एका वेळी चौसष्ट घेतो. अख्खा पट एका घासात. त्यामुळं तेवढ्याच वेळात तो जास्त खोल बघतो."

"म्हणजे अक्कल तीच, हात मोठा," मी म्हणालो.

"बरोबर बोललात काका. बसा, खेळून बघा."

मी खोकं खाली ठेवून बसलो आणि माझी भिंत बांधली. जुन्या मशीनपुढं बांधायचो तशीच, प्यादं न् प्यादं. शिरीषरावांनी त्याला चालीला तीन मिनिटं लावून दिली होती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक आकडा चढत होता. दहा, बारा, चौदा, सोळा. कधी सतरा. माझ्या खोडीप्रमाणे मी तो वाचत होतो. एकतिसाव्या चालीला मशीननं घोडा फुकट दिला. मी घेतला. आणि सात चालींत माझी भिंत जी फुटली, ती पुन्हा उभी राहिली नाही.

आप्पांनी टाळी वाजवली. "वा, वा. अरे काय दिसलं त्याला," म्हणत ते पडद्याजवळ डोळे नेऊन बघायला लागले. माझ्या चांगल्या चालीला ते फार तर "हं" म्हणत. अठ्ठावीस वर्षांत टाळी कधी वाजली नव्हती.

"लग्नाचा शीण आहे त्यांना," वहिनी आतून म्हणाल्या. "भाऊजी, लाडू खाऊन जा."

लाडू मी खिशात घालून नेला आणि वाटेत गाईला दिला.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा शिरीषराव पुण्याला निघायच्या गडबडीत होते. आप्पा त्यांच्यामागे लहान पोरासारखे लागले होते.

"सगळं छान आहे हो, पण मला माझा पट दिसत नाही. माझा हिरवा पट होता, सोंगट्या ठळक होत्या. मला मोतीबिंदू, त्यात हे निळं निळं."

"जुन्या मशीनवरच्या सेटिंगची फाइल इकडं घेतो. दोन मिनिटांचं काम."

त्यांनी ती घेतली. पट हिरवा झाला. आप्पा खूश झाले, जावई गाडीला गेले.

आप्पांनी मग आमचे जुने अभ्यास काढले. ते पोस्टानं बुद्धिबळ खेळत. आपली चाल कार्डावर लिहून पाठवायची, दहा-बारा दिवसांनी समोरच्याची यायची. एकेक डाव दोन-दोन वर्षं चाले. कार्डं मी लिहायचो. त्यात चाली आकड्यांत लिहितात, कुठल्या घरातून कुठल्या घरात, एवढंच. त्या स्पर्धेत संगणक वापरायला बंदी नव्हती, त्यामुळं अडलेल्या जागा आम्ही जुन्या मशीनलाही विचारलेल्या होत्या. त्याच जागा आप्पांनी नव्यावर मांडल्या.

"बघ सिद्राम. ज्याला दीड-दोन मिनिटं लागायची, ते दहा सेकंदांत."

मी बघत होतो. चाल तीच येत होती. शेजारचा गुणांचा आकडासुद्धा तोच, शून्य दशांश सदतीस. ती जागा मला पाठ होती, तिचं उत्तरही पाठ होतं. दुसरी जागा मांडली. पुन्हा जुनंच उत्तर. मी कोपऱ्यात पाहिलं. आकडा दहा झाला, अकरा झाला, बारा झाला आणि थांबला.

जुन्या मशीनला शिरीषरावांनी माझ्यासमोरच ती वेसण घातली होती. सहा चाली आपल्या, सहा समोरच्याच्या, एवढं बघून थांब. नाहीतर ते तासभर घुटमळत बसायचं. हिरव्या पटाबरोबर तीही वेसण नव्या मशीनला लागली होती. आदल्या दिवशी सतरापर्यंत बघणारं मशीन आता बारावर थांबत होतं. हात मोठा होता, पण बांधलेला.

"काय बघतोस?" आप्पांनी विचारलं.

"काही न्हाई. भारी आहे म्हटलं."

"मग बस. कालचा बदला घे."

मी बसलो, भिंत बांधली. मशीन हत्ती इकडून तिकडे करायला लागलं. साडेचारला मी त्याला मात दिली. आप्पांनी पडद्यावरचा पट जवळून पाहिला. मग म्हणाले, "नवं काय, जुनं काय. आमचा सिद्राम शिरतो तिथं मशीन जात नाही."

त्या दिवशी मी लाडू घरी नेला आणि खाल्ला.

पुढचे तीन महिने माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे मी खोटं का सांगू. आप्पांकडे कोणी आलं की मला मशीनपुढं बसवायचे. जोशी गल्लीतले दोन तरुण खेळाडू मुद्दाम बघायला आले. एकजण म्हणाला, "काका, हे मशीन सगळ्यांना मारतंय आणि तुम्हाला कसं हो मारत नाही?" मी म्हणालो, "पेवात उतरायला लागतंय त्याला. वरनं बघून हळद कळत न्हाई." आप्पा मोठ्यानं हसले. आणि संध्याकाळी मी निघालो की मशीनवर कापडी झाकण घालायचे, वहिनींनी भरतकाम केलेलं. ते मी दारातून बघायचो. ते घातलं नसतं तर बरं, असं मला रोज वाटायचं.

पावसाळा संपता संपता जमशेदपूरहून कार्ड आलं. दोन वर्षं चाललेला डाव होता. समोर मुखर्जी नावाचे गृहस्थ. आप्पांना त्या डावात बरोबरी पुरेशी होती. अर्धा गुण मिळाला की पोस्टाच्या बुद्धिबळातला मास्टर हा किताब त्यांच्या नावापुढं लागणार होता. तीस वर्षं ते त्याच्या मागे होते. दोनदा अर्ध्या गुणानं हुकला होता. वय एकाहत्तर. पुन्हा एवढी लांबची स्पर्धा खेळायचं बळ नाही, असं ते स्वतःच म्हणायचे.

आम्ही चार दिवस ती जागा बघितली. दोनच चाली उरल्या. मशीन म्हणत होतं, हत्ती एक घर पुढं घ्या. मी म्हणत होतो, कडेचं प्यादं ढकला.

"ढकललं की कुलूप लागलं, आप्पा. मग त्याला कुठनं वाट न्हाई."

"त्याचा उंट प्यादं मारेल."

"मारू दे की. उंट देऊन एक प्यादं कोण घेतंय. आपण उंट खाऊ आणि बसू."

आप्पांनी मशीनला माझी चाल विचारली. कोपऱ्यात आकडा बारावर थांबला. हत्तीची चाल शून्य दशांश वीस, माझी शून्य दशांश पंधरा. आप्पांनी मला आकडे वाचायला सांगितले, मी वाचून दाखवले. त्यांना बारीक दिसत नव्हतं.

"म्हणजे फरकच नाही," ते म्हणाले. "मशीनला दोन्ही सारख्या. मग मी तुझं ऐकतो. तू त्याला हरवतोस, ते तुला नाही."

मी कार्ड लिहिलं. ८४८५. आप्पांनी खाली सही केली. "मी जरा पडतो. साडेपाचचं टपाल निघायच्या आत टाक," असं म्हणून ते आत गेले. वहिनी मागच्या अंगणात शेंगा निवडत होत्या.

मी एकटा मशीनपुढं बसलो होतो. पटावर तीच जागा होती. शिरीषरावांनी पहिल्या दिवशी कुठं दाबलं होतं, ते मला माहीत होतं. वरची तिसरी खूण, त्यातली दुसरी ओळ. मी वाचून ठेवली होती. बाराची वेसण काढून पाच मिनिटं थांबलं असतं, तर मशीननं आपला सगळा हात लावून सांगितलं असतं. माझा हात माऊसवर होता.

मला त्या वेळी आप्पांच्या किताबाची आठवण नव्हती असं नाही. होती. पण त्याहून जास्त एक गोष्ट डोक्यात होती. मशीननं माझी चाल खोटी ठरवली तर आप्पा पुन्हा टाळी वाजवतील, आणि ती त्या खोक्यासाठी असेल. शिवाय वेसण काढली की मला सांगावं लागेल की ती होती, आणि मला ते तीन महिने माहीत होतं.

मी हात काढला, चप्पल घातली आणि कार्ड पेटीत टाकलं.

तेराव्या दिवशी जमशेदपूरहून उत्तर आलं. ५८८५. मुखर्जींनी उंट देऊन प्यादं घेतलं होतं.

"देतोय बघ, फुकट देतोय," मी म्हणालो. पण असा फुकटचा घोडा मी एकदा घेतला होता.

आप्पांनी उंट घेतला. दुसरी चालही नव्हती. पुढं मुखर्जींचं मधलं प्यादं सुटलं, त्यांचा राजा पुढं आला. तिसऱ्या चालीला आम्हाला दिसलं की ते प्यादं आता अडत नाही. मशीनलाही तेव्हाच दिसलं. डिसेंबरात आप्पांनी डाव सोडल्याचं कार्ड मला सांगून लिहवून घेतलं. सही त्यांनी केली. मी मान खाली घालून बसलो होतो.

"तोंड का पाडलंस?" ते म्हणाले. "तुझी चाल चांगली होती. अरे, एवढ्या मोठ्या मशीनला दिसलं नाही, ते तुला कुठून दिसणार? आणि पाठवली मी. सही माझी आहे."

"आप्पा..."

"चहा घे. नलू, सिद्रामाला चहा दे ग."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या कपात नेहमीसारखी एक चमचा साखर जास्त घातली, आणि मी चहा प्यायलो.

जानेवारीत आप्पांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं, फेब्रुवारीत उजव्याचं. काळा चष्मा सुटल्यावर पहिल्याच दुपारी मी गेलो. आप्पा मशीनपुढं बसले होते, पाठ ताठ. घरात काय काय नव्यानं दिसतंय ते सांगत होते.

"तुझे केस एवढे पिकलेत हे मला माहीतच नव्हतं. आणि नलूनं भिंतीला हा असला रंग लावून घेतला होता, मी पिवळा समजत होतो." मग ते पडद्याकडे वळले. "आणि हे बघ. हा कोपऱ्यात आकडा असतो, हे मला आज कळलं. हा बारा झाला की थांबतो रे. का थांबतो?"

मी सोंगट्या काढायला उठलो.

त्यांनी पुण्याला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"अरे देवा," शिरीषराव म्हणाले. "ती बाराची मर्यादा जुन्या सेटिंगबरोबर आली असणार. माझीच चूक, आप्पा. म्हणजे एवढे दिवस ते जुन्याएवढंच खेळत होतं. नुसतं लवकर उत्तर द्यायचं. वर तिसऱ्या खुणेवर जा, दुसरी ओळ. डेप्थ काढा, टाइम लावा."

आप्पांनी काढलं. फोन ठेवला. मग सावकाश, एकेक सोंगटी करून, जमशेदपूरची ती जागा मांडली. कार्ड पाठवलं त्या दिवशीची. कडेचं प्यादं ढकललं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

दहा. बारा. आकडा थांबला नाही. तेरा. चौदा. पंधराला शेजारचा गुण हलला. सोळा झाला तेव्हा उंटानं प्यादं घेतल्याची चाल पडद्यावर आली, आणि आमच्या बाजूचा आकडा उणे दोन दशांश चाळीस झाला. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आप्पांनी प्यादं परत मागं घेतलं आणि मशीनला मोकळं सोडलं. सोळाला, सतराला, एकच उत्तर. हत्ती एक घर पुढं. बरोबरी.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात पीठ होतं.

आप्पा माझ्याकडे वळले. नव्या डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"सिद्राम," ते म्हणाले, "तू हा आकडा वाचला नव्हतास?"

"न्हाई आप्पा," मी म्हणालो. "लक्षच गेलं न्हाई."

 मी वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. मग त्या आत गेल्या आणि परातीचा आवाज आला.

"बरं," आप्पा म्हणाले. "मांड पट."

आम्ही पिवळ्या सोंगट्या मांडल्या आणि खेळलो. त्या दिवशी ते जिंकले. पुढंही मी रोज तीनला जात राहिलो. ते मला कधी नको म्हणाले नाहीत, आवाज चढवला नाही, सणावाराला फराळाचं ताट चुकलं नाही. फक्त चालू डावातली जागा मांडून "सिद्राम, तुझं काय म्हणणं?" असं त्यांनी मला पुन्हा एकदाही विचारलं नाही. पोस्टाचं खेळणंही त्यांनी बंद केलं. मशीन माझ्यापुढं कधी लावलं नाही.

मी दोनदा सांगायचं ठरवून गेलो होतो. एकदा गणपतीत, एकदा त्यांच्या पंच्याहत्तरीला. दोन्ही वेळा घरात माणसं होती. माणसं नसती तर सांगितलं असतं, असं मी मनाला समजावत आलो.

गजानन ऊर्फ आप्पा सोवनी सोमवारी, १७ जानेवारी २०११ रोजी सकाळी अंघोळीला जाताना हृदय बंद पडून गेले. नलूवहिनी २०१५ च्या मे महिन्यात पुण्याला लेकीकडे राहायला गेल्या.